गोंद चांगला होता

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही — तो गेला, तरी नाही. लेकीला नाही. देवापुढे रोज बसते, पण त्यालाही अशी शब्द लावून कधी सांगितली नाही. त्याला ठाऊक असेलच, असं म्हणून सोडून दिली. तेव्हा तुम्हीच पहिले. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण पान उलटून इथवर आलात म्हणजे चार घटका बसणार असं धरते. बसा. जवळ असता तर चहा टाकला असता.

आमच्या अमरावतीच्या नाटकमंडळाची स्मरणिका निघते आहे. मंडळातल्या पोरांनी — पोरं म्हणायची, केस त्यांचेही पिकले — मला फोन केला. म्हणाले, इंदूकाकू, तुम्ही गालावरच्या डागावर लिहा. लेखाचं नावसुद्धा त्यांनीच काढून ठेवलं होतं, रंगभूमीनं दिलेली खूण की असंच काहीतरी. मी हो म्हटलं. माझी सवयच ती, डागाचं कोणी काढलं की मी हो म्हणते. फोन ठेवला आणि आरशापुढे जाऊन उभी राहिले.

डाग उजव्या गालावर आहे. डोळ्याखालून निघतो तो जबड्यापर्यंत उतरतो. इतकी वर्षं झाली, चेहऱ्याला सुरकुत्या पडल्या, पण तेवढ्या पट्टीला सुरकुती नाही. गुळगुळीत, चकाकते. त्या पट्टीला वयच नाही. लोक तिच्याकडे पाहतात आणि त्यांच्या डोळ्यांत आदर येतो. तो आदर मी खात आले. हो, खात आले — दुसरा शब्द नाही.

डाग कसा आला ते सांगते. पण सरळ यायची नाही मी, मला माझं माहीत आहे. थोडं फिरून येऊ द्या. येईन मात्र नक्की.

माझं माहेर चांदूर बाजारचं. आमचा मळा होता — वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. मी बाजारात बापाशेजारी बसून ओरडायची. आवाज तिथं कमावला, शाळेत नाही. शाळा तर सातवीत सुटली. अंगानं मी थोराड, खांदे पुरुषासारखे. लग्न होऊन अमरावतीला आले. नवरा एसटीच्या वर्कशॉपात होता, साधा माणूस. गल्लीच्या गणपतीत नाटक बसवलं तर त्यात राक्षशीण व्हायला कोणतीच बाई तयार होईना. सगळ्यांना सीता व्हायचं! मला कोणीतरी ढकललं. मी ओरडले, आणि पुढच्या रांगेतली लेकरं आयांच्या मांडीत घुसली.

तिथं मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे आमच्या मंडळाचे दिग्दर्शक, पेशानं शाळामास्तर. लेकरांची नाटकं बसवायचे आणि अमरावती, अकोला, पार धारणीपर्यंत घेऊन जायचे. त्यांनी मला मंडळात घेतलं. मग मी काय काय झाले विचारू नका. घुबड झाले, वानरीण झाले, मगर झाले, हडळ झाले. आणि सगळ्यांत जास्त — अस्वल. मेळघाटातल्या अस्वलीचं नाटक होतं आमचं, पिलं हरवलेल्या आईचं. धारणीकडच्या आश्रमशाळेत पहिल्यांदा केलं तेव्हा तिथले पोट्टे खदाखदा हसले. त्यांनी खरं अस्वल पाहिलेलं. म्हणाले, बाई, अस्वल अशी नाई चालत. दोघा-चौघांनी मला चालून दाखवलं, पाय आत वळवून, बूड हलवत. मी तशीच चालले पुढं जन्मभर.

पण माणूस? माणसाची भूमिका मला एकदाही मिळाली नाही. नाटक संपलं की लेकरं स्टेजवर धावत यायची, माझ्या केसाळ पोटाला मिठी मारायची. तोंड सोडवून बाहेर आले की तीच लेकरं माझ्या बाजूनं निघून जायची, मी कोण हे त्यांना कळायचं नाही. मला तेव्हा कसं वाटायचं? गंमत वाटते असं मी सगळ्यांना सांगायची. गंमत नव्हती वाटत.

‘तोंड सोडवणं’ हा आमच्यातला शब्द, तो सांगते. अस्वलाचा रबराचा चेहरा गोंदानं माझ्या चेहऱ्यावर चिकटवत. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी, सगळं झाकायचं. त्याला आम्ही तोंडच म्हणायचो. तोंड लावायचं, तोंड सोडवायचं. आणि ही तोंडं करणारा होता दिगूभाऊ.

दिगूभाऊ अकोल्याचा. जठारपेठेत पाट्या रंगवायचं दुकान होतं त्याचं, पण जीव सगळा तोंडांमध्ये. कोणाकडं शिकला नाही. रबराचं पातळ दूध मुंबईहून मागवायचा, कापूस आणि टिशू पेपरचे थर द्यायचा, केस एकेक करून बसवायचा. आणि बढाई! बाप्पा, किती बढाई. स्वतःच केलेल्या अस्वलाकडं पाहून म्हणायचा, "देवाच्या अस्वलाले भाव नाईत. माह्याले हायेत." मापासाठी माझ्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर ओतलं होतं त्यानं. नाकात दोन नळ्या, डोळे बंद, हालायचं नाही, बोलायचं नाही — आणि तो वरून बडबडतोय, "तुह्या थोबाडात भल्ली जागा हाये, इंदे. दोन अस्वलं बसतीन." मला हसू येतंय आणि हसता येत नाही. बाजूला त्याची बायको, सुमनवैनी, माझा हात धरून बसलेली. ती म्हणाली, "हसवू नका वं तिले, नाक वाकडं येईन." त्या प्लास्टरच्या साच्यावरून मग माझी सगळी तोंडं झाली.

तो मला इंदे म्हणायचा. मोठ्या भावासारखा. वर्षानुवर्षं माझा चेहरा त्याच्या हातात होता. नवऱ्यानं माझा गाल जितक्यांदा हातात घेतला असेल त्याहून जास्त वेळा दिगूभाऊनं घेतला, हे मी नवऱ्यासमोरही हसून म्हणायची.

तोंड सोडवण्याचा त्याचा एक नियम होता आणि तो मंडळाचाही नियम होता. लावलं त्यानं, तर सोडवायचं त्यानंच. कलाकारानं हात लावायचा नाही. कपाळाच्या कडेपासून सुरुवात. कापसाचा बोळा, स्पिरिट, मग खोबरेल तेल, बोथट ब्रश, आणि सावकाश, एकेक बोट. घाई केली तर रबर सुटत नाही, कातडं सुटतं. हे तो रोज सांगायचा. एका घुबडानं एकदा स्वतःच ओढून काढलं होतं, तर मास्तरांनी त्या मुलीला मंडळातून घरी पाठवलं. दुसरा नियम — लेकरांचं आधी. नाटकात पिलांची कामं करणाऱ्या लेकरांना नाकं-कान चिकटवलेले असायचे. ती घामेजून रडायच्या आत त्यांना मोकळं करायचं, मोठ्यांनी थांबायचं. चांगला नियम. मीच सगळ्यात जास्त गोंद लावलेली, मी सगळ्यात शेवटी.

आता येते.

अकोल्याला दुपारचा प्रयोग होता. एका वर्तमानपत्रातला फोटोग्राफर आला होता. लेकरांच्या नाटकांवर पानभर काहीतरी छापणार होते. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की कलाकारांचे फोटो रंग उतरवून घेणार, बाहेर पायऱ्यांवर, त्यांचे खरे चेहरे. खरे चेहरे — हा शब्द माझ्या कानात बसला. मी त्या दिवशी पर्समध्ये चांगली टिकली नेली होती. मोत्याची कुडी नेली होती. पूर्ण प्रयोगभर केसाळ कातड्याच्या आत मी त्या कुड्यांचा विचार करत होते. पिल्लं हरवलेली अस्वलीण रडत होती आणि मी आत कुड्या घालत होते.

प्रयोग संपला. दिगूभाऊनं लेकरांना घेतलं. एकाचा कान सुटेना, ते रडायला लागलं, तो त्याला अस्वलाच्या आवाजात गोष्टी सांगत बसला. बाहेर पायऱ्यांवर हसण्याचे आवाज येत होते. खिडकीतून दिसत होतं मला — बाकीचे उभे होते, फोटो निघत होते. मी एकदा म्हटलं, दिगूभाऊ, माझं घे ना. तो वळलाही नाही. "बस ना वं. अस्वल कुठं पळून चाललं?" मग बाहेर कोणीतरी म्हणालं की झालं आता सगळ्यांचं. फोटोग्राफर कॅमेऱ्याला कव्हर घालायला लागला.

मी बाजूच्या खोलीत गेले. दार लावलं. आरशासमोर उभी राहिले. हनुवटीखाली बोटं घातली आणि ओढलं.

दोन्ही हातांनी. एका झटक्यात.

डावीकडून तेवढं सुटलं. उजवीकडून सुटलं नाही, फाटलं. आवाज आला, तो आवाज मला अजून येतो — कापड फाडल्यासारखा, पण ओला. दुखलं नाही आधी. आरशात पाहिलं तर माझा गाल मला हातातल्या रबराला चिकटलेला दिसला.

मी किंचाळले. मास्तर आले, मागून दिगूभाऊ आला, त्याच्या हातात कापसाचा बोळा तसाच. मास्तर म्हणाले, "काय झालं? काय झालं, बाई?" आणि मी म्हणाले — मला ते वाक्य जसंच्या तसं पाठ आहे — मी म्हणाले, "गोंदानं जळालं."

कसं सुचलं? मी काही आधीपासून ठरवलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की खरं सांगितलं तर मास्तर मला काढून टाकतील, आणि सगळ्यांना कळेल की ही एवढी दांडगी बाई, अस्वल होणारी, एका फोटोसाठी, कुड्यांसाठी — तेवढंच. तेव्हा भ्यायले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं काय होतं ते सांगते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हे भाजल्यासारखं दिसत नाही. मी रडायला लागले. रडणाऱ्या बाईला कोण विचारतं पुढं? आणि फोटो — फोटो निघाला, बरं का. तो फोटोग्राफर आवाज ऐकून आत आला होता. गालाला पांढरा कपडा धरलेली मी, डोळ्यांत पाणी. तोच छापला. पानावर सगळ्यांत मोठा. बाकीच्यांचे पायऱ्यांवरचे चेहरे खाली बारीक. वर लिहिलं होतं की लेकरांना हसवण्यासाठी या बाईनं आपला चेहरा पणाला लावला. आणि आत एक ओळ की हलक्या प्रतीच्या गोंदामुळे कातडी भाजली. दिगूभाऊचं नाव नव्हतं. नाव लागतंच कशाला? अकोल्यात तोंडं करणारा दुसरा होता कोण?

इथं जर मी थांबले असते तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणाल, एक खोटं, घाबरून बोललेलं. पण गोष्ट इथं थांबत नाही, आणि मी आज ठरवूनच बसले आहे की थांबायचं नाही.

पट्टी असतानाच मास्तरांनी तालमीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. दिगूभाऊ अकोल्याहून आला, बरोबर सुमनवैनी. त्यानं पिशवीतून गोंदाची तीच बाटली काढली आणि टेबलावर आपटली. तो गप्प बसणारा माणूस नव्हता. गरजला, "हिनं सोताच्या हातानं फाडलं! कड पाहा रबराची, कड पाहा! भाजलं असतं त रबर इतरलं असतं, पघळलं असतं. मी का आज गोंद लावून राहिलो?" कोणी कड पाहिली नाही. लोक त्याच्याकडं पाहत होते — तो मोठ्यानं बोलत होता, आणि मी पट्टी बांधून कोपऱ्यात बसले होते. त्याला बढाईखोर म्हणून सगळे ओळखत. बढाईखोर माणसाचं खरंही बढाईसारखंच ऐकू येतं.

मग त्यानं सगळ्यांसमोर आपल्या गालाला तो गोंद फासला. भरपूर. वरून रबराचा तुकडा दाबला. मास्तर म्हणाले, पुरुषाचं कातडं जाड. तेव्हा सुमनवैनी उठली. पदर मागं घेतला, गाल पुढं केला आणि नवऱ्याला म्हणाली, "मले लावा."

ते दोघं दिवसभर तसे बसले. तालमीच्या खोलीत, भिंतीला टेकून, अर्धा अर्धा चेहरा रबराचा. कोणी चहा दिला तर तोही तसाच प्याले, वैनीच्या तोंडाच्या कडेनं थोडा सांडला. मी समोरच होते. मला घरी जाता आलं असतं, पण गेले तर संशय येईल म्हणून बसून राहिले. विचार करा, हेसुद्धा मला सुचत होतं. उन्हं उतरली तसं त्यानं तेल घेतलं आणि आधी वैनीचं सोडवलं. सावकाश. कपाळापासून नाही तर डोळ्याखालून, एकेक बोट. वैनीचा गाल निघाला तो लालसुद्धा नव्हता. मग त्यानं स्वतःचं सोडवलं. तेही साफ.

मास्तर माझ्याकडं वळले. खोलीत सगळेच वळले. दिगूभाऊ आता ओरडत नव्हता. तो म्हणाला, "सांग, इंदे." एवढंच. आवाजात राग नव्हता त्या वेळी. वाट होती. त्यानं मला वाट करून दिली होती, आणि मला ती दिसली होती. दिसली नाही असं मी म्हणणार नाही.

मी म्हणाले, "सगळ्यांचं कातडं सारखं नसते, सर."

पहिल्या दिवशी मी घाबरले होते. या दिवशी नव्हते. हे वाक्य मी दिवसभर बसल्या बसल्या तयार केलं होतं. वैनीच्या गालावर रबर सुकत होतं तेव्हा मी ते मनात घोळवत होते, मापून, पारखून, मास्तरांना पटेल असं. ते पटलं. मास्तरांनी मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. दिगूभाऊनं बाटलीला बूच लावलं. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "येतो, इंदूबाई." त्यानंतर त्याच्या तोंडून इंदे मी कधी ऐकलं नाही. त्याच्या तोंडून काहीच कधी ऐकलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण सगळ्यांना उलटं माहीत आहे. मंडळानं दिगूभाऊचं काम बंद केलं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये त्याला बोलावणं असायचं, वानरसेना तयार करायला, नागोबा तयार करायला. आयांनी आपल्या लेकरांना त्याच्यापुढं बसवणं बंद केलं. भाजते म्हणे त्याच्या गोंदानं. उरल्या पाट्या. मग फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. लोक म्हणतात, फ्लेक्सनं दिगूचं दुकान बसवलं. मीही म्हणत आले. मला ते म्हणणं फार सोयीचं होतं.

आणि माझं? माझं चालू झालं. तो फोटो पाहून नागपूरहून बोलावणं आलं, मग मुंबईहून. पौराणिक मालिका सुरू झाल्या होत्या. त्यांना राक्षशिणी लागत, जांबुवंताची माणसं लागत, आणि तासन्‌तास चेहऱ्यावर थर घेऊन बसणारी बाई लागे. सगळे म्हणायचे, ही सहन करते, हिनं तर चेहरा दिला आहे. तिथं सिलिकॉन असायचं, थंडगार खोली असायची, रंग लावणाऱ्या शिकलेल्या मुली असायच्या. मी दगडासारखी बसायची. एकदाही कधी स्वतः हात लावला नाही. मुली म्हणायच्या, आजी किती शांत असतात! मी शांत नव्हते. मी हात मांडीखाली दाबून बसायची.

डागाची गोष्ट मी जिथं जाईन तिथं सांगितली. सांगता सांगता ती वाढली. आधी नुसतं भाजलं होतं. मग मी भाजत असतानाही प्रयोग पुरा केला असं झालं. मग लेकरं घाबरू नयेत म्हणून मी ओरडलेसुद्धा नाही असं झालं. किंचाळले होते मी, हॉलभर ऐकू गेलं होतं. कोणी खोडलं नाही. आणि मग अकोल्याला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं. तिथं माईकवर बोलता बोलता मी म्हणाले — कोणी विचारलं नव्हतं, माझ्याच तोंडून आलं — मी म्हणाले की ज्या माणसाच्या हातून हे झालं त्याला मी केव्हाच माफ केलं आहे.

किती टाळ्या पडल्या म्हणून सांगू. माझ्या कोणत्याच अस्वलाला इतक्या पडल्या नव्हत्या.

दिगूभाऊ गेल्याचं मला मंडळातून कळलं. मी तेरवीला गेले. या खेपेला सांगायचंच, असं ठरवून गेले. अकोल्याच्या गाडीत बसून वाक्यं जुळवत गेले — मला वाक्यं जुळवता येतात, ते तुम्ही पाहिलंच. जठारपेठेतलं घर तेच. दुकानाची जागा दुसऱ्या कोणी घेतली आहे, तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. आत गेले. जेवणाच्या पंगती उठल्या होत्या. सुमनवैनीनं मला ओळखलं, हात धरून आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, चहा आणला. आणि बसल्यावर माझ्या गालाकडं पाहून म्हणाली, "दुखते काय वं अजून?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी ह्यायले सांगत जाय, अवो, बाईचं कातडं नाजूक असन, गोंदात काई कमीजास्त झालं असन, मानसाच्या हातून होते. सोडून द्या म्हनो. त मले म्हनत, तू बी त्यायचीच झाली काय? मरेपर्यंत भांडले माह्यासंग याच्यावरून." मग म्हणाली, "तुमचा सत्कार झाला ना, त्या दिवशी मांगच्या खुर्चीत बसले होते. घरी आले त जेवले नाई. मीच रागावली, म्हटलं, बाईनं एवढ्या लोकांत माफ केलं, आता तरी मनातून काढा."

कळलं ना तुम्हाला? मला कळायला चहाचा कप हातात थंड व्हावा लागला. माझं वाक्य त्या घरात शिरलं होतं. जिनं स्वतःच्या गालावर गोंद घेतला, दिवसभर घेऊन बसली, तिलाही शेवटी मीच खरी वाटले. त्याच्या बाजूनं अख्ख्या जगात एक माणूस होतं, तेही मी काढून घेतलं. आणि तो गेला.

समोर फळीवर माझा चेहरा होता. प्लास्टरचा, डोळे मिटलेला, तरुण. दोन्ही गाल सारखे. वैनीनं माझी नजर पाहिली. "फोडू द्या म्हटलं त नाई म्हनत. चांगला उतरला म्हनत." त्यावर धूळ नव्हती. कोणीतरी पुसत होतं.

मी काय केलं? चहा प्याले. थंड झालेला, पुरा प्याले. आणि उठून बस गाठली. गाडीत बसून ठरवलेलं एकही वाक्य मी बोलले नाही.

म्हणून हे लिहिते आहे. लिहिलेलं हातात असलं की माणूस चहा पिऊन उठून येऊ शकत नाही. मंडळाच्या पोरांनी डागावर मागितलं, डागावरच दिलं आहे. पोरांनो, जसं आहे तसं छापा, गाळायचं असेल तर सगळंच गाळा, मी दुसरीकडं देईन. मास्तर आज नाहीत, त्यांची चूक यात नव्हती, त्यांना मी फसवलं. त्या पेपरवाल्यांनाही मीच फसवलं. माझा डाग कोणी दिलेला नाही. माझ्या दोन हातांनी केलेला आहे. माफ करायचा अधिकार मला कधीच नव्हता, आणि माफी मागायची म्हणाल तर ज्याच्याकडं मागायची तो राहिला नाही. कोणाकडंच काही मागत नाही.

फोटोही मागितला होता तुम्ही, लेखासोबत टाकायला. माझा देत नाही. त्या हावेपायीच हे सगळं झालं. अस्वलीचा देते. प्रयोगाच्या आधी विंगेत काढलेला आहे, केस नीट दिसतात, डोळ्याभोवतीची घडी दिसते, कुठं रबर संपलं आणि कुठं मी सुरू झाले ते ओळखू येत नाही. खाली माझं नाव नको. दिगंबरचं टाका, जठारपेठ, अकोला. चेहरा त्याचा आहे.

आणि छापायच्या आधी उद्या सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला जाते आहे. कागद पर्समध्ये ठेवले, चष्मा ठेवला. सुमनवैनीला पुरं वाचून दाखवणार. ती काय म्हणेल, बसू देईल की नाही, हा विचार मी करत नाही. तो तिचा भाग. पण दारातच, बसायच्या आधी, पंखा लावायच्या आधी, ती चहाला उठायच्या आधी मला एक सांगायचं आहे. वैनी, गोंद चांगला होता. मी ओढून फाडलं.